भूल आणि मज्जापेशींची दारे

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला धीर द्यायचा, तर आपण म्हणतो, "अहो, भूल देतात, काही कळत नाही." भायखळ्याला १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा असे म्हणण्याची सोय नव्हती. अफू किंवा मद्य पाजायचे, चार माणसांनी रोग्याला दाबून धरायचे आणि शस्त्रवैद्याने घाई करायची!

पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बॉस्टनला मॉर्टन यांनी ईथरचा प्रयोग जाहीरपणे करून दाखवला. मार्च १८४७ मध्ये ईथर कलकत्त्यात पोचले आणि त्याच वर्षी एडिंबरोला सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला. पण लगेच, जानेवारी १८४८ मध्ये, पायाच्या नखासाठी क्लोरोफॉर्म दिलेली इंग्लंडातील एक पंधरा वर्षांची मुलगी दगावली. जे औषध झोप आणते तेच जीवही घेते, तर ते आत करते तरी काय?

उत्तराला फार वेळ लागला. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली ती क्लोरोफॉर्म देऊनच. मध्येच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. भुलेच्या ज्ञानाबाबत तेव्हा कंदीलही नव्हता. जे द्रव्य तेलात अधिक विरघळते ते अधिक गुंगी आणते, असे मायर आणि ओव्हरटन यांनी १९०० च्या आसपास दाखवले होते. त्यावरून, पेशीच्या स्निग्ध आवरणातच सारे घडते, असा समज रूढ झाला.

१९८४ साली लंडनच्या फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनावर भुलेची द्रव्ये घातली. तिथे स्निग्ध आवरण मुळीच नव्हते, तरी प्रथिनाचे काम मंदावले! मग लक्ष गेले मज्जापेशीवरच्या प्रथिनांच्या दारांकडे. या दारांतून विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. बरीच भुलेची औषधे क्लोराइडचे दार अधिक वेळ उघडे ठेवतात, म्हणून पेशी सहजासहजी पेटून उठत नाही. काही औषधे पोटॅशियमचे दार उघडतात. केटामीनची रीत उलटी. ते पेशीला चेतवणारे दारच अडवते. दाताचा डॉक्टर हिरडीत सुई देतो, तेव्हा सोडियमचे दार बंद होते आणि वेदनेचा निरोप वाटेतच थांबतो.

या विषयाशी मुंबईचेही नाते आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनी सेमूर बेंझर यांच्यासह १९७६ साली, ऊब वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि गारव्यात पुन्हा उठणाऱ्या फळमाश्यांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. अशा माश्यांच्या एका वाणात सोडियमचे दारच बिघडलेले असते, असे पुढे सिद्ध झाले.

दारे कळली, पण ती मिटताच 'मी' कुठे जातो, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. म्हणूनच शस्त्रक्रिया चालू असेतोवर भूलतज्ज्ञ रोग्याच्या उशाशी बसून श्वास आणि नाडी पाहत असतो. रोगी जागा झाल्यावर आपण शस्त्रवैद्याचे आभार मानतो. त्या वेळी उशाशी बसलेल्या या माणसालाही विसरू नका.