घोडेस्वारीतील ‘स्पर’ : वापरावा केव्हा, टाळावा केव्हा?

चीनमधील हांगझाऊ येथे २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारताच्या ड्रेसाज संघाने आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सोने मिळवून देणाऱ्या या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. अशा यशाने घोडेस्वारीविषयी कुतूहल वाढणे स्वाभाविक आहे. मात्र नामवंत स्वारांच्या टाचांवर चकाकणारे स्पर पाहून नवशिक्याने तेच विकत घेणे घोड्याच्या जिवावर बेतू शकते. स्पर हे घोड्याला पळवण्याचे साधन नसून त्याला नेमका संकेत देण्याचे साधन आहे, हे समजल्याशिवाय ते टाचेला बांधू नये.

स्पर म्हणजे काय?

बुटाच्या टाचेवर पट्ट्याने बसवायचा धातूचा काटा म्हणजे स्पर. टाचेला कवेत घेणारी कमान, मागे निघालेली दांडी आणि दांडीचे टोक असे त्याचे मुख्य भाग असतात. टोक बोथट, गोळीसारखे किंवा फिरत्या चकतीचे असते. फिरत्या चकतीला दाते असल्यास, दाते जितके कमी आणि टोकदार तितका तो बोचरा; दाते अधिक असल्यास दाब विभागला जातो.

हे साधन प्राचीन आहे. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलेल्या अश्वविद्येवरील ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. मध्ययुगीन युरोपात सोनेरी स्पर हे सरदारपदाचे चिन्ह होते. ११ जुलै १३०२ रोजी फ्लेमिश पायदळाने फ्रेंच घोडदळाचा पराभव करून रणांगणावरून असे शेकडो स्पर गोळा केले. ती लढाई ‘सोनेरी स्परांची लढाई’ म्हणूनच ओळखली जाते. मराठीत मात्र घोड्याला ‘टाच मारणे’ असेच म्हटले जाते.

संकेत कसा पोहोचतो?

अंगावर बसलेली माशीही घोड्याला जाणवते आणि तो तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये घोडा व माणूस यांच्या कातडीची तुलना केली. वेदना जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांचे बाह्यत्वचेतील प्रमाण आणि या थराची जाडी यांत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. ‘घोड्याची कातडी जाड, त्याला काय लागते’ हा समज त्यामुळे टिकत नाही.

घोडा शिकतो तो दाब पडल्याने नव्हे, तर योग्य प्रतिसाद देताच दाब थांबल्याने. म्हणून संकेतांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम बैठक आणि पोटरीचा हलका दाब, प्रतिसाद नसल्यास थोडा ठळक दाब आणि त्यानंतरच तंगाच्या किंचित मागे स्परचा क्षणभर स्पर्श. घोड्याने दाद देताच पाय सैल करावा. प्रत्येक पावलाला स्पर टोचत राहिल्यास घोडा त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. मग स्वार आणखी टोकदार स्पर शोधतो आणि हे दुष्टचक्र जखमेपर्यंत पोहोचते.

केव्हा वापरावा?

दुडक्या चालीतही ज्याचा पाय स्थिर राहतो, जो तोल सावरण्यासाठी लगाम किंवा पाय आवळत नाही आणि जो हवा तेव्हाच टाच लावू शकतो, त्यानेच स्पर वापरावा. घोडाही पोटरीचा संकेत समजणारा हवा. आडव्या चालीसारख्या बारीक हालचालींत, जिथे पायाची जागा बोटभर बदलली तरी अर्थ बदलतो, तिथे स्परचा खरा उपयोग होतो.

केव्हा टाळावा?

- नवशिके स्वार व लहान मुले यांनी.
- नुकत्याच फेरायला घेतलेल्या कोवळ्या घोड्यावर.
- घोडा घाबरला असताना. त्या वेळी टोचणी म्हणजे भीतीत भर.
- घोडा एकाएकी चालेनासा झाल्यास. आधी पाठ, पाय, दात आणि खोगीर यांची तपासणी करावी. नकारामागे बहुधा वेदना असते.
- स्वार रागावलेला असताना. शिक्षा म्हणून स्पर कधीही वापरू नये.

शेपटी सतत झटकणे, कान मागे टाकणे, स्वाराच्या पायाकडे लाथ झाडणे ही घोड्याची तक्रार समजावी. स्वारी संपल्यावर मोतद्दारावर न सोपवता स्वाराने स्वतः कुशी हाताने चाचपाव्यात. केस झिजणे, सूज किंवा ओरखडा दिसल्यास स्पर काढून ठेवावा. केस कातरलेल्या घोड्याला इजा लवकर होते.

स्पर्धा आणि कायदा

डिसेंबर २०१५ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया स्पर्धेत ग्रां प्री जिंकलेला आयर्लंडचा बर्ट्रम ॲलन घोड्याच्या कुशीवर रक्त आढळल्याने अपात्र ठरला. जखम किरकोळ असल्याची बाजू मांडली गेली, पण निर्णय फिरला नाही. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्ये पूर्वी सक्तीचे असलेले स्पर आता ऐच्छिक आहेत. पोलोतही टोकदार स्परला बंदी आहे.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला विनाकारण वेदना देणे गुन्हा आहे. त्याखालील १९६५ च्या नियमांनी ओझेवाहू व स्वारीच्या जनावरांसाठी काटेरी काठी, काटेरी लगाम आणि जखम वा तीव्र वेदना देणारे अणकुचीदार साहित्य वापरण्यास मनाई केली आहे.

निवड कशी करावी?

पहिला स्पर आखूड दांडीचा व बोथट टोकाचा असावा. दांडी किंचित खाली झुकलेली आणि पट्ट्याचे बक्कल बाहेरच्या बाजूला हवे. उंच स्वाराची टाच घोड्याच्या पोटाखाली जात असल्याने त्याला थोडी लांब दांडी लागू शकते. तरीही निवड प्रशिक्षकाच्या सल्ल्यानेच करावी. महिनाभर स्परशिवाय स्वारी करून पाहावी. तेवढ्यात घोडा पोटरीला दाद देऊ लागला, तर स्परची गरजच नव्हती असे समजावे.