छायाचित्रांवरून काढलेलीं लहान तैलचित्रें व त्यांचें प्रामाण्य

जुन्या घराण्यांत दप्तराचे रुमाल सांपडतात तशीं पूर्वजांचीं लहान तैलचित्रेंहि सांपडतात. रुमालांतील कागद अस्सल कीं नक्कल हें आपण अक्षर, शिक्का व कागद पाहून ठरवितों. चित्राविषयीं मात्र घरच्या सांगण्यावर विसंबतों. यांपैकीं पुष्कळ चित्रें माणूस समोर बसवून नव्हे, तर छायाचित्रावरून उतरलेलीं असतात. अर्थात् तीं नकला होत. नक्कल त्याज्य नव्हे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्यासारखे नामांकित चित्रकारहि छायाचित्रांचें साह्य घेत. परंतु नक्कलकारानें पदरचें काय घातलें, हें कळल्यावांचून तिचा पुरावा घेतां येत नाहीं.

प्रथम कालमर्यादा पाहूं. दागेर याची रीत पॅरिस येथें १८३९ त जाहीर झाली. मुंबईंत छायाचित्रकारांची सोसायटी १८५४ त स्थापन झाली. शिरूर तालुक्यांत पाबळ येथें जिची कबर आहे ती मस्तानी १७४० त वारली. सबब तिचें म्हणून दाखविलेलें कोणतेंहि तैलचित्र एक तर जुन्या चित्रावरून, नाहीं तर कल्पनेनें काढलेलें असणार. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें चित्र काढणारा जेम्स वेल्स १७९५ त वारला; तेथेंहि छायाचित्राचा प्रश्न नाहीं. उलट दौंड तालुक्यांत केडगांव येथें १९२२ त वारलेल्या पंडिता रमाबाई यांचीं छायाचित्रें उपलब्ध आहेत. त्यांचें तैलचित्र पुढें आल्यास तीं शेजारीं ठेवून त्याची परीक्षा करितां येईल.

दुसरी गोष्ट स्थलाची. छायाचित्र लखोट्यांतून जाई. बसणाऱ्यानें चित्रकारापुढें जाण्याचें कारण उरलें नाहीं. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ त सुरू झाला. घोडनदीकांठचें शिरूर लोहमार्गावर नाहीं, तरी टपालास तेवढी अडचण नव्हती. म्हणून चित्र शिरुरास मिळालें एवढ्यावरून तें शिरुरास काढलें असें म्हणतां येत नाहीं. माणूस वारल्यावरहि तें काढवितां येई. तेव्हां चित्रावरील साल व बसणाऱ्याचें वय यांचा मेळ न बसल्यास आश्चर्य मानूं नये.

आतां चित्रांतील खुणा.

(१) ठेवण. १८५४ त दिस्देरी यानें पेटंट घेतलेलीं भेटपत्रिकेएवढीं छायाचित्रें, पुठ्ठ्यासह सुमारें २॥ × ४ इंच, सर्वत्र पसरलीं. मान ताठ, हात खुर्चीवर, मागें पडदा, ही ठेवण तैलचित्रांत तशीच आल्यास मूळ छायाचित्राचा संशय घ्यावा. मोठें करण्यासाठीं आंखलेल्या चौकटींच्या रेषाहि पातळ रंगाखालीं कधीं दिसतात.

(२) रंग. ही सर्वांत महत्त्वाची खूण होय. जुन्या काचा निळ्या रंगास फार व तांबड्या-पिवळ्यास फार थोडी दाद देत. त्यामुळें तांबडें पागोटें काळसर उमटे व निळें वस्त्र फिकें दिसे. १८७३ त फोगेल यानें हा दोष कमी करण्याची युक्ति शोधिली, तरी तांबड्याची उणीव पुढेंहि बराच काळ राहिली. घरच्यांनीं रंग सांगितले नसतील तर चित्रकारानें ते अदमासानेंच भरले असणार. अशा चित्रांतील पागोट्याच्या रंगावरून हुद्दा किंवा जात ठरविणें म्हणजे वाळूवर इमारत उभारणें होय.

(३) बाजू. दागेरच्या रीतीचीं व लोखंडी पत्र्यावरचीं छायाचित्रें सामान्यतः आरशांतल्याप्रमाणें उलट असत. तरवार उजव्या कमरेस दिसली तर डावखुरा पुरुष मानण्यापूर्वीं ही शक्यता तपासावी.

(४) पाठ. कांहीं चित्रें छायाचित्राच्या कागदावरच तैलरंग चढवून केलेलीं असतात. कडेस रंग उडाला असल्यास खालचें छायाचित्र दिसतें. अशा चित्रांत चेहऱ्याच्या रेषेस विशेष किंमत आहे, रंगास नाहीं.

तात्पर्य, अशा चित्रांत मुद्रा बहुधा साक्षीदाराची व रंग सांगोवांगीचा असतो. दोहोंस एकच वजन देऊं नये. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, चित्र मिळाल्यास तें धुऊं नये, वर नवें रोगण चढवूं नये. मोजमाप, पाठीवरील अक्षरें, व नांव कोणीं सांगितलें आणि त्याचें नातें काय, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. शेजारीं फिकटलेलें छायाचित्र असेल तर तैलचित्र आल्यावर तें निरुपयोगी झालें असें समजून टाकूं नये. अस्सल कागद तोच आहे.