मालवणात चार जेवणं

आज तुम्हाला मालवणात चार वेळा जेवायचंय. साल मी सांगेन, तुम्ही मुकाट जाऊन बसायचं. तक्रार करायची असेल तर चौथ्या जेवणापर्यंत थांबा, तोवर दम धरा.

१९८४, नोव्हेंबरचा शेवट. मुंबईहून रात्रभर एस.टी.त आदळत-आपटत आलात, अंग आंबलंय. भिंतींवर लोकसभेच्या प्रचाराचा गेरू अजून ओला आहे. मतदारसंघ राजापूर, त्यामुळे तिथले खासदार मधू दंडवते हे नाव ओघानं आलंच, आणि त्या नावाबरोबर कोकण रेल्वेची गोष्टही. रेल्वे येणार, येणार. सध्या तरी तुम्ही एस.टी.नं आलात आणि तुम्हाला भूक लागली आहे.

‘हॉटेल कुठंय?’ असं विचारू नका. लोक चहा-भजी आणि उसळपावाचं दुकान दाखवतील. जेवायचं तर खाणावळ, आणि बाजारपेठेत तिला पाटी असेलच असं नाही. याला कारण आहे. मालवणात बाहेरून येणारा माणूस म्हणजे चाकरमानी. तो गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात येतो आणि आल्या आल्या स्वतःच्या घरी पानावर बसतो. बाहेर विकत जेवणारे कोण? बदलीवर आलेला बँकेचा क्लार्क, एकटा मास्तर, कोर्टाच्या तारखेला आलेला एखादा. तेवढ्यांसाठी कोण हॉटेल थाटणार? सिंधुदुर्ग किल्ला समोर पाण्यात उभा आहे, शिवरायांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला, पण तो पाहायला येणारे शाळेच्या सहलीतले. ते डबे घेऊन येतात.

तर एका घराच्या पडवीत दोन लांब बाकडी. तुम्ही बसता. पडदा सरकवून काकी डोकावतात.

‘‘खयसून इलात?’’

‘‘मुंबईहून.’’

‘‘आज बांगडो आसा. दुसरा काय नाय.’’

संपली मेन्यूची चर्चा. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली, जाळ्यात बांगडा आला, म्हणून आज बांगडा. उद्या पेडवे आले तर पेडवे. इथे काय खायचं हे समुद्र ठरवतो, काकी फक्त निरोप देतात.

ताटात उकड्या तांदळाचा भात येतो, जाड, तांबूस. त्यावर बांगड्याचं तिखलं. हे जरा जवळून बघा. वाटप कच्च्या ओल्या खोबऱ्याचं आहे, भाजलेलं नव्हे. भाजलं तर बांगड्याचा वास मारला जातो. आंबटाला सोलं. आणि रश्शात तरंगणारी काळपट, उकललेली टरफलं म्हणजे तिरफळं. त्यातली बी काढून टाकलेली असते, चव सगळी सालीत. वाढताना काकी बजावतात, ‘‘तिरफळ चावू नकात, बाजूक काढा.’’ तुम्ही अर्थातच चावता. जीभ मिनिटभर बधिर होते, ओठांना मुंग्या येतात, आणि मग बांगड्याचा पुढचा घास असा लागतो की तुम्ही मान खाली घालून नुसते जेवत राहता.

वाटीतली कढी फिकट जांभळट आहे. नारळाचं दूध आत्ताच पिळलेलं, थोडा वेळ ठेवलं तर वर सायीसारखा थर येऊन खाली पाणी उरतं, म्हणून काकी ती ताटागणिक ढवळून देतात. तोंड धुवायला परसदारी माडाच्या बुंध्याशी तांब्या ठेवलाय. दहाची नोट दिलीत तर काही परत मिळतं.

गहिवरून जाऊ नका. या पडवीत तुमच्या बायकोला बसायला जागा नाही. कुणी ‘नाही’ म्हणणार नाही, पण बाकड्यावरचे पाचही जण घास थांबवून बघतील, आणि ती उठून जाईल. संडासाचा विषय न काढलेला बरा. दीडनंतर आलात तर भात खरवडून मिळेल. आणि काकी सकाळपासून धुरात आहेत, पण हिशेबाची वही त्यांच्या हातात नाही. ती ओटीवर बसलेल्या काकांकडे आहे.

आता सात-आठ महिने पुढे सरका. १९८५, जुलै. हे जेवण अगदी छोटं आहे.

पाऊस असा की समोरचा किल्ला दिसत नाही. बोटी किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकून ठेवल्यात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात उतरणार नाही. तेव्हा सरकारी तारखेची वाट कुणी बघत नाही, तारीख लाटाच सांगतात. बाकड्यावर तुम्ही एकटेच. ताटात पेज, सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा, गोलम्याची किसमूर, टाकळ्याची भाजी, आणि वरणात शिजलेल्या फणसाच्या घोट्या. मे महिन्यात अंगणात वाळवलेलं सगळं आता बाहेर निघालंय. ताजा मासा हवा असेल तर पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणारे चढणीचे मासे होते, ते संपले. तुम्ही उशिरा आलात. काकींना त्यात माफी मागण्यासारखं काही वाटत नाही.

तिसरं जेवण, २००३ चा मे. या वेळी रेल्वेनं. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण खुला झाला, गाडी मालवणात येत नाही, पण कुडाळला उतरून तीसेक किलोमीटरच राहतात. त्याआधी १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालाय. तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर एमटीडीसी आली आहे, वायरीच्या रस्त्याला ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा हातानं रंगवलेल्या पाट्या लागल्यात. चाकरमान्याखेरीज दुसराच एक पाहुणा आता या गावात आलाय. याचं इथं घर नाही, नातं नाही, आणि त्याला दोन दिवसांत सगळं खायचंय.

मला विचाराल तर मालवणात पैसे देऊन सगळ्यांत उत्तम जेवण याच काळात मिळालं. बायका-मुलं पंख्याखाली टेबलाशी बसलीत. संडास आहे. स्वयंपाकघरात त्याच काकींची सून किंवा लेक आहे, पण गल्ल्यावरही तीच बसते, हा बदल लहान समजू नका. दुपारी पंचवीस-तीस पानं उठतात, त्यामुळे माशागणिक वाटप वेगळं करणं तिला अजून परवडतं. बांगड्याला तिरफळ आणि कच्चं खोबरं. तिसऱ्यांना भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं सुकं. मोरीला तर मटणासारखा गरम मसाला, म्हणूनच तिला ‘मोरीचं मटण’ म्हणतात. सुरमईला त्रास द्यायचा नाही, हळद-मीठ-आगळ चोळून, तांदळाच्या पिठात लोळवून तव्यावर टाकायची. वडे मूळचे म्हाळाचे, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खायचे. आता कोंबडीबरोबर रोजचे झालेत. त्याबद्दल कुणाची तक्रार ऐकलेली नाही.

एक गोष्ट मात्र टेबलावर आली आहे, तिच्याकडे लक्ष असू द्या. प्लास्टिकच्या आवरणातलं कार्ड. त्यावर चार ओळी: सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, बांगडा थाळी. सोबत चपात्या, कारण पुण्या-कोल्हापूरचा पाहुणा नुसत्या भातावर उठत नाही. कार्ड छापलं की त्यावरचा मासा रोज असावा लागतो. आणि पेडव्यांना, तारल्यांना, मोरीला त्या कार्डावर जागा मिळालेली नाही. ‘‘ती आमी घरात खातव,’’ बाई सांगते आणि हसते. तुम्ही मागितलंत तर तिच्या घरच्या भांड्यातलं थोडं वाटीत येतं, त्याचे पैसे ती लावत नाही.

चौथ्या जेवणाला विमानानं या. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. साल २०२५, महिना मुद्दाम जुलैच. धक्क्यापासून तारकर्लीपर्यंत स्कूबा डायव्हिंगचे फलक पावसात भिजतायत. पाण्यात उतरणं पावसाळाभर बंद. दर दोन घरांआड एक रेस्टॉरंट. डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाला इथे जे लोंढे आले, तेव्हापासून राजकोट किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तर उसंत नाही.

आत शिरता. कार्ड आता पुस्तक झालंय: मंचुरियन, पनीर, तंदूर, आणि सर्वांत वर, मोठ्या फोटोसकट, स्पेशल सुरमई थाळी. जुलै महिना! १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. खाडीत होडी घालणारे आणि किनाऱ्यावर पाग फेकणारे तेवढे आहेत, आणि ते सुरमई आणत नाहीत. मग ही कुठून आली? एक तर मे महिन्यापासून शीतगृहात पडून आहे, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून आली आहे. तिकडची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, त्यामुळे जुलैत तिकडचा मासा बर्फाच्या पेट्यांतून देशभर फिरतो. म्हणजे समोर समुद्र, आणि ताटातली सुरमई कदाचित दुसऱ्याच समुद्रातली. मालकाला विचारलंत तर तो खांदे उडवेल: लोक मागतात. खोटं बोलत नाही तो.

थाळी येते. रव्याचं कवच इतकं जाड की आत मासा आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. रस्सा चमच्यानं चाखा, मग शेजारच्या टेबलावरचा कोळंबीचा आणि पलीकडचा कोंबडीचा. तिन्ही एकाच पातेल्यातून आलेत. याला आळस म्हणून मोकळं होऊ नका. सुट्टीच्या शनिवारी एक ते तीनच्या दरम्यान दोनशे पानं काढायची असतील तर सकाळी एकच मोठं वाटप काढणं, त्यात ऐनवेळी मासा सोडणं, याला इलाज नाही. दाराबाहेर लहान मुलं भुकेनं रडत असतात आणि वडील मंडळी फोनवर तारे मोजत असतात, या हॉटेलाला साडेचार, त्याला चार. तिरफळ कधीच गेलं. कुणीतरी चावलं, ‘रश्शात कचरा निघाला’ म्हणून एक तारा दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते पातेल्यात पडलं नाही. कढी गडद गुलाबी आहे आणि तासभर झाला तरी तिच्यावर थर धरत नाही. इतकं शहाण्यासारखं वागणारं नारळाचं दूध मी पाहिलेलं नाही.

बिल चार-पाचशेच्या घरात. पैसे गेल्याचं वाईट वाटत नाही, ते इथल्याच माणसांना मिळतात, आणि नाहीतर मुंबईत खोली शोधत फिरली असती ती पोरं आज इथेच गल्ल्यावर, होडीवर, स्वयंपाकघरात आहेत. याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी गिरणगावातल्या खोल्या आठवाव्यात. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तिकडे किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले, फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारनं निर्बंध आणले, तरी भांडण मिटलेलं नाही. आणि त्यांच्या रापणीत जो मासा येतो, तारले, पेडवे, छोटा बांगडा, त्याला गावातल्याच हॉटेलात गिऱ्हाईक नाही. चार जातींवर सगळ्यांच्या उड्या. सुरमईचा भाव कुठे गेलाय ते बघा, आणि पेडव्यांची पाटी लिलावात कितीला सुटते तेही बघा.

तुमची रात्रीची सोय देवबागला आहे, कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, एका घरगुती निवासात. खोलीला एसी आहे, भिंतीवर वायफायचा पासवर्ड चिकटवलाय. मालकीणबाई चाळिशीच्या, हातात फोन.

‘‘जेवणात काय करू? सुरमई फ्रीजमधी आसा.’’

‘‘ती नको. आज खाडीत काय मिळालं?’’

बाई जरा संशयानं बघतात. असं विचारणारा एक तर इथलाच असतो, नाहीतर रिव्ह्यू लिहिणारा.

‘‘शेंवटे गावले थोडे. आणि खुबे. पण काट्यांचो मासो, तुमका जमात?’’

‘‘जमवतो.’’

‘‘तिरफळ घालू? मागच्या येळाक पावण्यांनी ताट परत केलानी.’’

‘‘घाला.’’

त्या स्वयंपाकघराकडे वळतात, दारातूनच आत कुणाला तरी हाक मारतात, आणि पुन्हा मागे वळून विचारतात, ‘‘उकडो भात की साधो? उकडो आमच्यासाठी लावलेलो आसा.’’

तुम्ही उकडा सांगता. ‘‘मग आमच्याच टोपातलो वाढतंय,’’ त्या म्हणतात, ‘‘आणि पैशे सुरमईच्या थाळीचे लावूचंय नाय. शेंवट्यांचो रेट आमी अजून ठरवक नाय.’’