माळ्यावरील खेळयंत्र



गेल्या दिवाळीपूर्वी येळ्ळूर येथील आमच्या जुन्या घराचा माळा आवरीत असता, रिकाम्या पोत्यांखाली करड्या रंगाचे एक प्लॅस्टिकचे खोके सापडले. त्याला वायरींनी जोडलेली दोन हँडले होती, शेजारी पाचसहा पिवळ्या कॅसेट होत्या आणि एक खेळण्यातले पिस्तूल होते. खोक्यावर कोणाही कारखानदाराचे नाव नव्हते. पुतण्याच्या मुलाने ते भंगारात टाकावयास काढले. पुतण्याने मात्र ते त्याच्या हातून घेतले, पुसले आणि कपाटात ठेवले. त्याच्या शालेय वयातील उन्हाळे या खोक्यापुढे गेले होते. अशा वस्तूचा इतिहास होऊ शकतो काय, आणि तो जपावा काय, याचा आज आपण थोडा विचार करू.

घरगुती खेळयंत्राचे जनक राल्फ बेअर हे होत. जर्मनीत जन्मलेले बेअर १९३८ साली कुटुंबासह अमेरिकेस गेले. दूरचित्रवाणीचा संच केवळ पाहावा कशाला, त्याच्याशी खेळता का येऊ नये, ही कल्पना त्यांनी १९६६ साली टिपून ठेवली. आणि १९७२ साली तिच्यातून ‘ओडिसी’ हे यंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता, गुण मोजण्याची सोय नव्हती. पडद्यावर काही पांढरे ठिपके हलत. मैदानाचे चित्र म्हणून काचेवर रंगीत पारदर्शक पत्रा लावावा लागे. पेटीत फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही असत. नवे यंत्र जुन्या पटावरील खेळांचे बोट धरूनच चालू लागले होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. तिकडे पडद्याशी खेळ सुरू झाला, तेव्हा इकडे पडदाच नुकता उजळत होता.

पुढे १९७७ साली अटारीचे प्रसिद्ध यंत्र आले. परंतु १९८३ साली अमेरिकेतील हा बाजार कोसळला आणि न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे अक्षरशः पुरल्या गेल्या. त्याच वर्षीच्या जुलैत जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र अवतरले. ते काढणारी निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झाली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

संग्राहक ही यंत्रे शेजारी शेजारी मांडून त्यांची तुलना करतात. अटारीच्या यंत्राची कामाची स्मृती अवघी १२८ बाइट होती. आजच्या संगणकावर ‘येळ्ळूर’ हे नाव लिहावयास सामान्यतः २१ बाइट लागतात. म्हणजे आपल्या गावाचे नाव सलग सहा वेळा लिहिले की ती स्मृती भरली! फॅमिकॉमची स्मृती तिच्या सोळा पट, म्हणजे २०४८ बाइट. एवढ्याशा जागेत १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सारखा खेळ बसविणाऱ्यांची काटकसर पाहिली, म्हणजे आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आता आमच्या बिननावाच्या खोक्याकडे वळू. ते फॅमिकॉमची नक्कल आहे. तैवान व चीनमध्ये तयार झालेल्या अशा नकला १९९० नंतरच्या काळात आपल्या बाजारपेठांतून घरोघर पोहोचल्या. संग्राहकांच्या सूचींत मानाचे स्थान मूळ यंत्रांना मिळते. नकलांकडे पुष्कळजण तुच्छतेने पाहतात. परंतु भारतातील असंख्य मुलांनी मूळ यंत्र कधी पाहिलेच नाही. त्यांचा मारिओ या नकलांतच धावला.

आणि तो निराळ्या गतीने धावला! जपानच्या दूरचित्रवाणीवर चित्र सेकंदाला साठ वेळा रेखाटले जाई; आपल्याकडील पद्धतीत पन्नास वेळा. साठच्या मापाने रचलेला खेळ पन्नासच्या मापाच्या यंत्रावर चालविला, की तो एक षष्ठांशाने मंदावतो. जपानी घरात पन्नास सेकंदांत संपणारी धाव येथे साठ सेकंद घेई. संगीताची लयही तशीच संथ होई. कपाटातील खोके जुन्या संचाला जोडून आम्ही हे घड्याळ लावून पाहिले. पुतण्याला तोच संथ ताल ओळखीचा वाटला. मूळ यंत्रावरील ध्वनिमुद्रण ऐकविले, तेव्हा ‘हे घाईने वाजते आहे’, असे तो म्हणाला. त्याच्या बालपणाचा हा पुरावा कोणत्याही मूळ यंत्रात सापडणार नाही. तो या नकलेतच आहे.

पिस्तुलाची गोष्टही अशीच. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि पिस्तुलातील प्रकाशग्राहक तो टिपतो. जुन्या काचनळीच्या संचावर हे तत्काळ घडते. नव्या सपाट पडद्यावर प्रकाश किंचित उशिरा उमटतो, आणि नेम अचूक असूनही बदक पडत नाही. म्हणून यंत्र जपावयाचे तर त्याच्याबरोबर जुना संचही जपावा लागतो. कॅसेट चालेना, की आपण तीत फुंकर मारीत असू, ते टाळावे. श्वासातील ओलाव्याने तिच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. त्या कापसाने हलकेच पुसाव्या.

अलामोगोर्डोचा तो खड्डा २०१४ साली उकरला गेला. त्यातून निघालेली एक कॅसेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने आपल्याकडे ठेवून घेतली. एकतीस वर्षांपूर्वीचा कचरा असा इतिहासाचे साधन झाला. राजहंसगडाचा अभ्यासक ज्याप्रमाणे तटबुरुजांबरोबर खापराचे तुकडेही उचलून पाहतो, त्याप्रमाणे आपल्या घरांचा इतिहास लिहिणाऱ्याला एके दिवशी ही बिननावाची खोकी लागतील. त्यांच्यावर नाव नाही, तेव्हा माहिती आपणच लिहून ठेवली पाहिजे : यंत्र कोणत्या बाजारातून आले, कोणत्या साली, कोणी आणले, कोण कोण खेळले.

आमच्या खोक्यात आता असा एक कागद आहे. पुतण्याने तो लिहिला. सालाविषयी त्याचा आणि त्याच्या बहिणीचा वाद झाला. तेव्हा दोन्ही साले लिहून ठेवली आहेत.