तिहारहून आलेले पत्र

फाशीची शिक्षा झालेला कैदी सुनील बत्रा याने दिल्लीच्या तिहार तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. स्वतःसाठी नव्हे. दुसऱ्या एका कैद्याच्या नातलगांकडून पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने त्या कैद्याचा अमानुष छळ केला होता. पत्रासोबत ना वकीलपत्र, ना प्रतिज्ञापत्र, ना कोर्ट फीचा स्टॅम्प. न्यायालयाने त्या पत्रालाच हेबियस कॉर्पसची याचिका मानले, डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुदगल या वकिलांना तुरुंगात जाऊन पाहायला सांगितले आणि डिसेंबर १९७९मध्ये निकाल दिला.

जेमतेम साडेतीन वर्षांपूर्वी हेच न्यायालय हात झटकून मोकळे झाले होते.

आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांना दाद मागता येते, असे मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक मतांनी उलटवले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी सरळच विचारले होते, पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरीही दाद नाही का? ॲटर्नी जनरलचे उत्तर होते, नाही. एकटे खन्ना विरोधात गेले. पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दिले गेले. बहुमतात न्या. भगवती होते आणि पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूडही.

आणीबाणी उठली आणि मनेका गांधींच्या जप्त पासपोर्टचे प्रकरण आले. जानेवारी १९७८मध्ये सात न्यायमूर्तींनी राज्यघटनेचे कलम २१ नव्याने वाचले. जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याची पद्धत नुसती कायद्यात असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. कलमाचे एक अक्षर बदलले नव्हते, पण ‘वाजवी’ काय हे ठरवणे आता न्यायाधीशाकडे आले. आणीबाणीतल्या नामुष्कीची ही भरपाई होती, असे म्हणायला जागा आहे.

मग पत्रांचा रिवाज पडला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रावर न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना मुंबई सेंट्रल जेलमध्ये पाठवून अहवाल मागवला. फेब्रुवारी १९८३च्या निकालात न्या. भगवतींनी जे लिहिले ते निकालापेक्षा पोलीस नियमावलीसारखे वाटते: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला कॉन्स्टेबल, चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच, अटकेची खबर लगेच कायदा सहाय्य समितीला. शिवाय सत्र न्यायाधीशाने अधूनमधून न सांगता कोठडीत डोकवायचे. कोर्टात फाईल चाळणाऱ्या न्यायाधीशाला असे थेट लॉकअपच्या गजांपर्यंत धाडले गेले.

हे सगळ्यांनाच रुचले नाही. न्या. पाठक यांनी बजावले की पत्र न्यायालयाच्या नावे यावे, एखाद्या न्यायमूर्तीच्या नावे नव्हे. आक्षेप रास्त होता; नाहीतर प्रत्येकजण आपल्याला पावणारा देव शोधणार. १९८८मध्ये पत्रे चाळण्याचे नियम झाले.

गंमत अशी की संसदेने ‘मानवी हक्क’ हे नाव घेऊन कायदा केला १९९३मध्ये, आणि त्यात मानवी हक्क आयोगाला दिला शिफारशींचा अधिकार. न्यायाधीशांची सत्ता त्याआधीच वाढून बसली होती.

ती कुठे थांबते, हे मुंबईच्या फुटपाथवर दिसले. जुलै १९८१मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवण्याचे जाहीर केले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने सांगितले, की उपजीविका हिरावणे म्हणजे जीवितच हिरावणे. १९७६च्या बहुमतातल्या न्यायमूर्तींच्या लेखणीतून हे उतरले, हे विसरून चालत नाही. पण त्याच निकालात फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम राहिला. १९७६च्या गणनेत नोंद होऊन ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायची होती. बाकीच्यांच्या पदरात पडली ती ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंतची, म्हणजे पावसाळा सरून महिनाभराची मुदत.