डॉल्फिनच्या नोंदी आणि तरुण संशोधकांचा निधी : हमद पोर्ट ते सिंधुदुर्ग

दोहाच्या दक्षिणेस उम्म अल हौल येथील हमद पोर्टचे औपचारिक उद्घाटन ५ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. सुमारे चार किलोमीटर लांब आणि ७०० मीटर रुंद गोदी असलेल्या या बंदराच्या उभारणीत तेथील प्रवाळ, समुद्री गवत व खारफुटी अन्यत्र हलवण्यात आली. डॉल्फिन असे हलवता येत नाहीत. त्यांच्यावरील परिणाम जाणण्यासाठी बांधकामापूर्वीची आणि नंतरची, अशा दोन्ही नोंदी लागतात. जगभर या नोंदींचे काम बहुधा तरुण संशोधक छोट्या अनुदानांवर करतात.

प्रजाती

आखातात आढळणारा हिंद महासागरी हंपबॅक डॉल्फिन कोकण किनाऱ्यावरही आहे. तेथील मच्छीमार डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) ही प्रजाती ‘संकटग्रस्त’ ठरवली आहे. ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच वावरते, आणि बंदरे, भराव व जाळीही तेथेच असतात.

निधीचे स्रोत

लंडनस्थित रफर्ड फाउंडेशन आधी लहान अनुदान देते आणि काम समाधानकारक ठरल्यास पुढील टप्प्यांत वाढवते. सोसायटी फॉर मरीन मॅमॉलॉजी ही संस्थाही छोटी संशोधन अनुदाने देते. हा पैसा होडीचे भाडे, डिझेल, कॅमेऱ्याची लेन्स व पाण्याखालील ध्वनिग्राहक यांवर खर्च होतो. पाठीवरच्या पराच्या खाचांची छायाचित्रे घेऊन प्रत्येक डॉल्फिन ओळखता येतो.

सिंधुदुर्गचा अनुभव

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्गात राबवलेल्या प्रकल्पात कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या तरुण अभ्यासकांनी डॉल्फिनच्या नोंदी घेतल्या. मच्छीमारांच्या मुलाखतींतून पिढीजात माहिती जशी मिळाली, तशी जाळी फाटण्याची तक्रारही पुढे आली. संवर्धनाच्या आराखड्यात या तक्रारीला स्थान नसेल, तर किनाऱ्यावरचे लोक त्यापासून दूरच राहतील.

मर्यादा

छोट्या अनुदानाची मुदत बहुधा वर्षभराची असते; हंपबॅक डॉल्फिनच्या मादीला मात्र साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू होते. त्यामुळे संख्या घटते की टिकते, हे एका अनुदानात कळत नाही. अनेक अनुदानांत संशोधकाच्या वेतनाची तरतूदही तुटपुंजी असते. वेतनाअभावी अभ्यासक क्षेत्र सोडतो तेव्हा नोंदींची साखळी तुटते. बंदरे दशकानुदशके चालतात. त्यांच्या शेजारच्या डॉल्फिनचा अभ्यासही तितकाच दीर्घकाळ चालला, तरच दोन्ही नोंदींची तुलना शक्य होईल.