प्रसूतिपश्चात नैराश्य

बाळंतपणानंतर मातेला जडणारा मानसिक आजार. त्याची सुरुवात पुष्कळदा गरोदरपणातच होते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील रडवेलेपणा बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो; नैराश्य मात्र टिकून राहते. सततची उदासी, बाळ झोपले असतानाही झोप न लागणे, अपराधीपणा, बाळाविषयी ओढ न वाटणे ही त्याची लक्षणे होत. प्राथमिक चाचपणीसाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली १० प्रश्नांची एडिंबरो मापनश्रेणी वापरतात. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या अभ्यासात (२००२) २३ टक्के मातांमध्ये हा विकार आढळला. गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. समुपदेशन, घरच्यांचा आधार आणि गरजेनुसार स्तनपान चालू ठेवून घेता येणारी औषधे यांनी बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. भ्रम, भास किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार दिसल्यास तातडीने उपचार हवेत. ‘टेली-मानस’ (१४४१६) या शासकीय दूरध्वनी सेवेवर मोफत सल्ला मिळतो. बाळंतिणीच्या आहाराइतकीच तिच्या मनाची विचारपूस करणे, ही कुटुंबाची व आरोग्यसेवेची जबाबदारी आहे.